ओजसची गोणी

त्या दसऱ्याला सकाळी नऊ वाजेपर्यंत मी ओजसच्या तोंडातून पाच वस्तू बाहेर काढल्या होत्या. झेंडूची पाकळी, पूजेची सुपारी, जळक्या आगकाडीचं टोक, काळ्या रबराचा अंगठ्याएवढा तुकडा आणि कोंबडीचं पीस. सहावी काढायला गेले तर त्यानं कडकडून चावा घेतला. म्हणजे सहावी काही नव्हती, ते त्याचे दातच होते.

"टाकून दे ना ते सगळं," किरण म्हणाला. किरण म्हणजे माझा नवरा. त्याच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी टाकून देण्यासारख्या असतात आणि उरलेल्या निम्म्या उद्या करण्यासारख्या.

"पाटावरच्या आहेत. पूजेतलं काही केरात टाकायचं नाही, आई रागावतील."

"मग ठेव परत पाटावर."

"म्हणजे हा परत तोंडात घालणार."

"आणि पीस? ते पण पूजेतलं?"

"ते नाही. पण ते मी कुठंही टाकलं तरी हा शोधून काढतो."

सासूबाईंचा नियम आणि माझा नियम यांच्या मधोमध जी चिंचोळी जागा उरते, तिथं माझी पर्स असायची. पाचही वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेल्या, मी चेन ओढली आणि ओजसला डेटॉलच्या पाण्यानं पुसायला घेतलं.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं आहे. दोन वर्षं मी काचेच्या ताटल्यांमध्ये जंतू वाढताना बघितले आणि मग मला मूल झालं. हा क्रम उलटा असता तर घरातल्या सगळ्यांनाच बरं गेलं असतं. ओजस तेव्हा चौदा महिन्यांचा होता, नुकताच चालायला लागलेला, आणि मी दिवसभर त्याच्यामागे वाकून, दोन्ही हात पसरून फिरायचे. सासूबाई म्हणायच्या, "ही पोराला सांभाळते का कोंबडी पकडते, तेच कळत नाही."

आम्ही पुण्यात राहायचो आणि सणाला गावी यायचो. गाव म्हणजे तळवली, भोरच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून. तिथं सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात, मीही; गावात ते धुमाळ साहेब. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नोकरी झाली त्यांची, आणि त्यातली बहुतेक गळत्या शोधण्यात गेली. कालव्याची गळती, दरवाज्याची गळती, भिंतीची ओल. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी म्हैस विकली, गोठा धुऊन काढला आणि त्यात होडी बांधायला घेतली.

"म्हैस दूध द्यायची," सासूबाई म्हणाल्या होत्या. "ही काय देणार?"

दीड वर्षात होडी तयार झाली. प्लायवूडची, बारा फुटी, निळी, दोन वल्ह्यांची. ती मासे पकडायला नव्हती की माल वाहायला नव्हती. भाऊंना एकच काम करायचं होतं. पाण्याच्या पलीकडच्या काठावर त्यांची बहीण राहते, ताराआत्या. तिचं घर आमच्या अंगणातून दिसतं, रस्त्यानं मात्र बावीस किलोमीटर पडतं. दसऱ्याचं सोनं द्यायला नातवाला होडीत घालून बहिणीच्या दारात उतरायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि मी सहा महिने नाही म्हणत होते.

आधी नावावरून झालं. भाऊंना होडीला 'ओजस' नाव द्यायचं होतं.

"नको," मी म्हटलं. "उद्या कुणी म्हणेल, ओजस गळतोय. ओजसला उलटा करा. ओजसला उन्हात वाळत टाका. मला ऐकवणार नाही."

"मग 'सावकाश' द्या," सासूबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या. "ही दिवसातून चाळीस वेळा म्हणतेच. निदान लिहून तरी ठेवा."

त्यांनी टोमणा मारला होता, पण भाऊंना नाव पटलं. दुसऱ्या दिवशी निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ते लिहूनही झालं.

मग अटी झाल्या. मी वहीच्या पानावर लिहून दिल्या. भाऊंनी वर 'अटी व शर्ती' असा मथळा घातला, खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद गोठ्यात खिळ्याला लावला. एक, होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने जाकीट घालायचं, ओजसच्या मापाचंसुद्धा आणायचं. दोन, पहिल्या दिवशी भाऊंच्या छातीपेक्षा खोल पाण्यात जायचं नाही. तीन, होडी दोरानं काठावरच्या आंब्याला बांधलेली हवी. चार, पोहणारा माणूस जवळ हवा. पाच, पहिली फेरी आमच्याशिवाय, पण आमच्या सगळ्यांच्या वजनासकट. सहा, शेवटचा निर्णय माझा.

"पाचवी समजली नाही," किरण म्हणाला. "तुमच्याशिवाय तुमचं वजन कसं न्यायचं?"

"वाळू," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे चमकले होते. त्यांच्या खात्यात असल्या चाचण्या व्हायच्या बहुतेक. "गोण्या भरू. बरोबर विचार केलाय पोरीनं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दूध डेअरीच्या काट्यावर आमची सगळ्यांची वजनं झाली आणि तेवढ्याच वाळूच्या गोण्या शिवल्या. माझी बावन्न किलोची. सासूबाईंनी स्वतःची बघितली आणि गोणीभोवती एक चक्कर मारली.

"डेअरीचा काटा बिघडलाय."

"बारा वर्षं त्याच काट्यावर दूध घातलंस," भाऊ म्हणाले. "तेव्हा नव्हता बिघडला?"

"तेव्हा कमी दाखवायचा."

ओजसची गोणी सर्वांत लहान, नऊ किलो चारशे ग्रॅम. भाऊंनी पुण्याहून मागवलेलं छोटं नारिंगी जाकीट तिला घातलं, पट्टे ओढून बघितले आणि बकल लावलं.

"वाळूला जाकीट?" मी विचारलं.

"वाळूला नाही. ओजसला. अट क्रमांक एक."

मी हसले नाही. माझी थट्टा चालली आहे असं मला वाटलं. अजूनही वाटतं की थोडी चालली होती.

दसऱ्याला सकाळी गोठ्यात हत्यारांची पूजा झाली. पाटावर रंधा, पटाशी, हातोडी, पाने, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. त्या पाटाशेजारी बसूनच ओजसनं सकाळचा नाश्ता केला होता. पूजा झाल्यावर सासूबाईंनी बजावलं की आज हत्यारांचा विसावा, पाटावरचं हत्यार उद्यापर्यंत कुणी उचलायचं नाही. दुपारी दोन एकवीसचा विजयमुहूर्त होता. त्याआधी गावातल्या चारसहा जणांनी होडी उचलून काठावर नेली आणि ते जेवायला घरी गेले. आत फळ्या घातल्या, वर चटई, त्यावर आम्ही सगळे, म्हणजे गोण्या. झेंडूच्या माळा इतक्या घातल्या होत्या की निळा रंग शोधावा लागत होता.

पोहणारा माणूस म्हणून म्हादू आला होता. तो धरणात जाळी टाकतो. त्याला होडी लागत नाही, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून तो अख्खं धरण फिरतो. सायकलवर बसावं तसा तो पाण्यावर बसला होता.

सासूबाईंनी नारळ फोडला. मी आंब्याचा दोर तीनदा ओढून बघितला. भाऊ आणि किरण जाकिटं घालून चढले आणि 'सावकाश' पाण्यात गेली.

खोटं कशाला सांगू, सुंदर दिसत होती. वल्हं पाण्यात पडताना आवाजसुद्धा होत नव्हता. भाऊंनी एक मोठा गोल फेरा घातला, मग दुसरा. ओजस माझ्या कडेवर टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या फेऱ्याला मी मनातल्या मनात सहाव्या अटीपर्यंत येऊन पोचले होते.

"किरण," भाऊंचा आवाज आला, "माझे पाय ओले का रे?"

"वल्ह्याचं पाणी उडालं असेल."

"वल्हं मी मारतोय. मी नाही उडवलं."

"मग ते पायाचं पाणी असेल."

किरण असलं बोलू शकतो. थोड्या वेळानं सासूबाई कपाळावर हात धरून बघत म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासऱ्यांची उंची कमी झाली का?"

कमी झाली होती. होडीची कडा आता पाण्यापासून वीतभरच वर होती, आणि चटई आपणहून उचलली जाऊन माझ्या गोणीभोवती गुंडाळली जात होती.

"गळती," भाऊ म्हणाले. तेवढा एकच शब्द, पण बत्तीस वर्षांच्या नोकरीतला. "सांधा गेला कुठला तरी. उपस किरण, उपस."

"कशानं?"

"पेढ्यांच्या डब्यानं."

"त्यात पेढे आहेत."

"खा मग आधी."

किरणनं खरंच एक खाल्ला. मग दोघं उपसायला लागले, एक डब्यानं आणि एक हातानं. पाणी त्यांच्यापेक्षा मन लावून काम करत होतं. म्हादू ट्यूबवरून जवळ आला.

"साहेब, माझी ट्यूब पंचर झाली तरी एवढी खाली जात न्हाय."

"म्हादू, बोलू नकोस, ओढ."

"ओढतो की. पर हिला वर यायचंच दिसत न्हाय. एवढी माणसं बसवलीत." तो गोण्यांकडे बघत होता.

आम्ही काठावरून दोर ओढला, पण पाणी भरलेल्या होडीपुढे दोन बायकांचं काय चालणार. 'सावकाश' आपल्या नावाला जागून गेली. आधी मागची कडा, मग माळा, मग पुढचं टोक. मी सहा महिने एक वाक्य जपून ठेवलं होतं, 'मी सांगत नव्हते?' ते आता जिभेवर आलं होतं. आणि तेवढ्यात मी भाऊंकडे बघितलं.

होडी त्यांच्या पायाखालून जात होती. त्यांच्या एका बाजूला दीड वर्ष खपून स्वतःच्या हातांनी तासलेली वल्ही होती. दुसऱ्या बाजूला चष्म्याचं घर. समोर त्यांचा एकुलता एक मुलगा पेढ्यांचा डबा घेऊन पाण्यात बसला होता. भाऊंनी यातल्या कशाकडेही बघितलं नाही. ते वाकले आणि दोन्ही हातांनी ओजसची गोणी उचलून डोक्याच्या वर धरली.

छातीएवढं पाणी होतं, अट क्रमांक दोनप्रमाणे. खाली गाळ. ते एकेक पाऊल चाचपून टाकत येत होते, हात सरळ वर, आणि हातांवर नारिंगी जाकीट घातलेली ती गोणी. पाणी कमरेपर्यंत उतरलं तेव्हा त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. येताना ते तिच्या पाठीवर हलकं हलकं थोपटत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. काठावर येऊन त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "कोरडा आहे."

माझ्या एका कडेवर ओजस होता. मी दुसऱ्या कडेवर गोणी घेतली. दोन्हीकडे नऊ किलो चारशे. ओजसनं तिच्याकडे बघितलं आणि तिला एक चापट मारली.

मग हसायला सुरुवात झाली. सासूबाई पदर तोंडात घालून बसल्याच खाली. म्हादूला ट्यूब धरून ठेवावी लागली. किरण पाण्यातूनच म्हणाला, "भाऊ, मी पण तुमचाच आहे." मीही हसले. आठवडाभर गावात तेच चालणार होतं, धुमाळ साहेबांनी वाळू वाचवली. पाण्यावर फक्त झेंडूच्या माळा गोल तरंगत होत्या, आणि आंब्यापासून गेलेला दोर तिथं सरळ खाली उतरत होता.

चारच्या सुमाराला मी ओजसला घेऊन गोठ्याकडे गेले. एवढी मोठी वस्तू निघून गेल्यावर गोठा म्हशीच्या वेळेपेक्षाही मोठा वाटत होता. भाऊ कोरडे कपडे घालून पाटासमोर मांडी घालून बसले होते. किरण दारात उभा होता.

"सांधा नाही गेला," भाऊ म्हणाले. कुणाला असं नाही. "बसून विचार केला. बूच नव्हतं."

"कसलं बूच?" मी विचारलं.

"होडीच्या तळाला मागं एक भोक ठेवतात. काठावर धुतली की घाण पाणी निघून जायला. एरवी त्यात बूच. काल संध्याकाळी धुतली, बूच काढलं आणि इथं पाटावर ठेवलं. तेही कामाचंच आहे, म्हटलं त्यालाही कुंकू लागू दे. दुपारी घ्यायला आलो तर नव्हतं. मला वाटलं किरणनं लावलं." ते किरणकडे वळले. "मी तुला विचारलं होतं ना रे? बूच लावलंस का म्हणून?"

"मला नाही आठवत, भाऊ. मी तेव्हा आईची गोणी उचलत होतो."

"मग नसेल विचारलं." ते पाटाकडे बघत राहिले. "पाटावर तरी ठेवलं होतं का, कोण जाणे. ठेवलं असतं तर असतं की. हत्याराला कुणी हात लावलेला नाही. मला वाटतंय ठेवलं. नुसतं वाटतंय."

भाऊंचे वडील शेवटची तीन वर्षं रोज संध्याकाळी काठी घेऊन उठायचे आणि 'चला, आता मी घरी जातो' म्हणून स्वतःच्याच घरातून निघायचे. मी त्यांना बघितलं नव्हतं, पण त्यांना वेशीवरून परत आणायचं काम भाऊंचं होतं, हे मला माहीत होतं.

"स्नेहल," भाऊ म्हणाले, "तुझी सहावी अट. त्यातून मी तुला मोकळं करतो. तुझंच बरोबर होतं. विसरणाऱ्या माणसाच्या हातात पोर द्यायचं नाही. होडी वर काढली की म्हादूला देऊन टाकू, त्याला उपयोगी पडेल."

ओजस भुकेनं कुरकुरायला लागला होता. मी बिस्किटासाठी पर्समध्ये हात घातला. बाहेरच्या कप्प्यात. बोटांना आधी पीस लागलं, मग सुपारी, आणि मग काळ्या रबराचा तो तुकडा. एका टोकाला निमुळता. अजून कुंकवानं थोडा चिकट.

मी हात तसाच ठेवला.

आता सांगायला सोपं आहे, पण तेव्हा मी बोलले नाही. मी फक्त चेन बंद केली. एक वाक्य न बोलता मी कायमची जिंकत होते. होडी जाणार, पाणी जाणार, भाऊ स्वतःच्या तोंडानं नाही म्हणत होते, आणि मला वाईटही व्हावं लागत नव्हतं. असं फुकटचं सुख आईपणात फार मिळत नाही. मी ओजसला बिस्कीट दिलं, दुसऱ्या कप्प्यातलं, आणि घरात गेले.

तासभर ती पर्स माझ्या खांद्यावरून उतरली नाही. पुऱ्या लाटतानासुद्धा.

"काय गं," सासूबाई म्हणाल्या, "गावात चोर आहेत का आपल्या? पर्स लेकरासारखी पोटाशी धरून फिरतेस."

"ओजस काहीतरी काढेल त्यातून."

"तो कुठून काढेल, तूच त्याच्यातून काढतेस सगळं." आणि मग लाटणं थांबवून त्या हळूच म्हणाल्या, "आज जेवले नाहीत ते. श्रीखंडाची वाटी तशीच परत केली."

दारामागे कोपऱ्यात ओजसची गोणी ठेवलेली होती. जाकीट अजून कुणी काढलं नव्हतं. ओजस तिच्यापाशी गेला, तिच्या पट्ट्याला धरून उभा राहिला, आणि माझ्याकडे वळून बघून हसला. मी पुरी लाटत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते दोन हात होते, पाण्याच्या वर सरळ धरलेले.

दिवेलागणीला सोनं लुटायला माणसं आली आणि गेली. प्रत्येकानं वाळूवरून एकेक विनोद केला आणि भाऊंनी प्रत्येकाला हसून दाखवलं. सगळ्यांत शेवटी घरातल्यांनी घरातल्यांना द्यायचं. किरणनं दिलं, पाया पडला. मग मी उठले. आपट्याची पानं ओंजळीत घेतली, पर्सची चेन उघडली, आणि पानांवर ते बूच ठेवून ओंजळ भाऊंपुढे केली.

"सोनं घ्या, भाऊ."

चष्मा पाण्यात गेल्यामुळे त्यांना आधी दिसलं नाही. पानांबरोबर ते त्यांच्या हातात गेलं आणि त्यांच्या अंगठ्यानं ते ओळखलं. बराच वेळ ते त्याला नुसतं फिरवत होते.

"कुठं होतं?"

"माझ्या पर्समध्ये. सकाळपासून. ओजसनं पाटावरून उचलून तोंडात घातलं, मी काढून घेतलं. मला माहीत नव्हतं काय आहे ते." मग मी म्हटलं, "चार वाजल्यापासून माहीत होतं."

किरणनं माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही.

भाऊंनी मात्र दुसरंच विचारलं. "म्हणजे पाटावरच ठेवलं होतं ना मी?"

"हो."

"नक्की?"

"कुंकू आहे बघा त्याला."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही भाऊ."

"आणि सांधे?"

"सांधे पक्के असणार. होडी मी बुडवली."

ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत. "अगं ऐकलंस का," ते सासूबाईंना म्हणाले, "सांधे पक्के आहेत." जणू तेवढीच बातमी होती.

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "सहा अटी घालून, दोर बांधून, वाळू भरून, माणूस उभा करून, मग बुडवली. काळजी करावी तर अशी." आणि त्या श्रीखंडाची वाटी आणायला आत गेल्या.

मी पाया पडायला वाकले, पण आधी विचारलं. "भाऊ, वल्ही सोडून तुम्ही ती गोणी का उचललीत? वाळू होती हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी जरा विचार केला. आपण असं का केलं हा प्रश्न त्यांना स्वतःलाही तेव्हाच पहिल्यांदा पडला असावा.

"जाकीट घातलेलं होतं गं तिच्या अंगात," ते म्हणाले. "हात गेला."

दुसऱ्या दिवशी म्हादूनं चार माणसं आणून आंब्याच्या दोरानं 'सावकाश' वर ओढली. भाऊंनी एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. एकही हलला नव्हता. कोजागरीपर्यंत सोनं देता येतं, म्हणून पौर्णिमेच्या आदल्या सकाळी आम्ही निघालो. भाऊ वल्ह्यांवर, मी समोर, मांडीवर ओजस, त्याच्या अंगात तेच नारिंगी जाकीट. बूच मी स्वतः वाकून बघितलं होतं, दोनदा. आंब्याचा दोर पलीकडच्या काठापर्यंत पुरणारा नव्हता. भाऊ वल्ही धरून बसले होते, माझ्याकडे बघतही नव्हते. शेवटी मीच पुढे सरकून कडीतून दोर काढला आणि काठावर टाकून दिला.

ताराआत्या पदर खोचून पाण्यात गुडघाभर उतरून उभ्या होत्या. ओजसनं त्यांना सोनं दिलं. त्याआधी त्यातलं एक पान खाल्लं.

याला पंधरा वर्षं झाली. आता बुचाची पूजा जागेवरच होते, सासूबाई गुडघे धरत होडीत वाकून त्याला कुंकू लावतात. होडी पाण्यात ढकलण्याआधी भाऊ यादी वाचतात, आणि यादीत सर्वांत वर, जाकिटाच्याही आधी, एकच शब्द असतो, 'पर्स'. मी सगळ्यांसमोर पर्स उघडून पालथी करते, गाव हसतं, मग पुढची यादी. मला त्याचं काही वाटत नाही.

गेल्या दसऱ्याला ओजस पहिल्यांदा एकटा पलीकडे जाणार होता. सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेला. ती गोणी आता तो एका हातानं उचलतो. काठावर भाऊ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता वल्हं मारवत नाही, पण यादी पाठ आहे.

"पर्स," ते म्हणाले.

मी जरा थांबले. मग पर्स पालथी केली. किल्ल्या पडल्या, डोकेदुखीची गोळी, बँड-एड, रुमाल, आणि सगळ्यांच्या नंतर, आपल्या आपण घरंगळत, काळ्या रबराचं बूच.

कुणी हसलं नाही. ओजस म्हणाला, "आई."

सकाळी पूजा झाल्यावर मी कधी ते काढलं, का काढलं, हे मला नीट सांगता येणार नाही. पर्स यादीत आहे हे मला माहीत होतं. सापडणार हेही माहीत होतं. भाऊंनी खुर्चीतून माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"हात गेला का गं?"

मी मान हलवली. खाली वाकून बूच उचललं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात न देता ओजसच्या हातात दिलं.

"नीट दाबून बसव," मी म्हटलं.